दोन डॉक्टर, दोन निदाने : पालकांनी काय समजावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. समोर पहिल्या रांगेत दोन-तीन डॉक्टर बसलेले असताना मी वैद्यकातल्या विषयावर बोलावे हे थोडे धाडसाचेच आहे. पण हा विषय मला कुणी दिलेला नाही, मी मागून घेतला आहे. औषधांविषयी मी एक अक्षरही बोलणार नाही. डॉक्टर हाताने, कानाने, डोळ्याने तपासतात आणि 'हे आहे' किंवा 'हे नाही' असे सांगतात, त्या सांगण्यावर किती विसंबावे, एवढ्यापुरतेच बोलणार आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेत विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी झाली. सातवीतल्या एका मुलीच्या हातात चिठ्ठी आली : 'हृदयात जादा आवाज, मोठ्या दवाखान्यात दाखवावे.' वडील टेम्पो चालवतात. त्यांनी त्याच आठवड्यात पोरीला एका खाजगी डॉक्टरांकडे नेले, ते म्हणाले, काही नाही. मन मानेना म्हणून तिसरीकडे नेले. ते म्हणाले, आत्ता सांगता येत नाही, दोन-तीन आठवड्यांनी आणा. दरम्यान घरात आजीने पोरीचे शाळेत येणे बंद केले, दप्तर उचलायचे नाही, जिना चढायचा नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत ते गृहस्थ आले, तिन्ही कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "सर, एक डाक्टर बोलते दिल में आवाज है, दुसरे बोलते कुच नै, तिसरे बोलते बाद में देखेंगे. झूट कोन बोलरा?"

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. डॉक्टर मित्रांना विचारून आणि पुस्तके चाळून जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट ही की, तपासणी म्हणजे एक मोजमाप असते, आणि मोजणारा माणूस असतो. हे मुलांना कळावे म्हणून मी आठवीच्या वर्गात एक प्रयोग केला. एका मुलाला खुर्चीवर बसवले. पाच जणांना एकामागून एक त्याची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला सांगितली आणि आकडा मोठ्याने न उच्चारता कागदावर लिहायला लावला. कागद उघडले तर ७८, ८२, ७९, ८४ आणि १०२! शेवटच्या पठ्ठ्याने अंगठ्याने नाडी धरली होती. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो, त्यामुळे तो बिचारा कधी त्याची, कधी स्वतःची नाडी मोजत होता. नाडी पहिल्या दोन-तीन बोटांनी पाहायची असते ती याचसाठी. दुसऱ्या दिवशी नवे पाच जण घेतले आणि त्यांना आकडा मोठ्याने सांगायची मुभा दिली. पहिला म्हणाला, ८०. मग काय, दुसऱ्याचे ८०, तिसऱ्याचे ८१, चौथ्याचे ८०, पाचव्याचेही ८०! वर्ग खूश झाला, की आज सगळ्यांचे बरोबर आले. मी म्हटले, बाळांनो, काल तुम्ही नाडी मोजलीत, आज तुम्ही एकमेकांना मोजलेत.

या छोट्या खेळात पुष्कळ काही आले. तपासणाऱ्यांत फरक पडतो. पद्धत चुकली की फार मोठा फरक पडतो. आणि दुसऱ्याचे ऐकून तपासले की फरक दिसेनासा होतो, पण खरेपणा वाढत नाही.

आता मोठ्यांचे पाहू. न्यूयॉर्क शहरात अकरा वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांची एक पाहणी झाली होती, तिचा अहवाल १९३४ साली निघाला. त्या काळात घशातले टॉन्सिल काढून टाकण्याची लाटच होती. हजारांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरली ३८९. ती शाळेच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांचे टॉन्सिल काढायला हवेत असे सांगितले. राहिलेली २१५ मुले, म्हणजे ज्यांचे घसे ठीक ठरले होते ती, दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली, पहिल्या तपासणीचा निकाल त्यांना न सांगता. त्यांनी ९९ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. राहिली ११६. ती तिसऱ्यांदा दाखवली, तर त्यांतल्याही ५१ जणांना शस्त्रक्रिया हवी असे ठरले! शेवटी हजारांतली अवघी ६५ मुले उरली. दर वेळी साधारण शंभरातली पंचेचाळीस. म्हणजे घसा पाहून ठरत होते की 'इतक्या मुलांचे काढावे लागतातच' या डोक्यातल्या हिशेबाने ठरत होते, हा प्रश्न पडतो. यांतला एकही डॉक्टर लबाड नव्हता. प्रत्येकाने प्रामाणिकपणे घशात बॅटरी मारून पाहिले होते.

छातीच्या तपासणीचेही तसेच. १९८८ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. चार-चार डॉक्टरांच्या गटांनी तेच ते रुग्ण तपासले. एखादे लक्षण आहे की नाही यावर गटातल्या चौघांचेही पूर्ण एकमत शंभरात फक्त ५५ वेळा झाले. छातीतली घरघर पुष्कळांना सारखी ऐकू आली. रुग्णाला कुजबुजायला लावून छातीवर ती कुजबूज ऐकायची एक परीक्षा असते, तिच्याबाबत मात्र मते फाटली. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सगळ्या तपासण्या सारख्याच कच्च्या नसतात. काही लक्षणे ठळक असतात, ती दहा जणांना सारखी दिसतात. काही नाजूक असतात.

इथे गणिताच्या शिक्षकांची क्षमा मागून एक हिशेब सांगतो, कारण 'शंभरात इतक्या वेळा एकमत' या शब्दांनी माणूस फसतो. समजा, दोन परीक्षक पेपर न वाचताच गुण देतात. दोघांनाही ठाऊक आहे की या शाळेत शंभरातले नव्वद पास होतात. म्हणून दोघेही डोळे मिटून नव्वदांवर 'पास' आणि दहांवर 'नापास' लिहितात. दोघांचे निकाल जुळवले तर कितीदा जुळतील? साधारण ८२ वेळा! पेपर न वाचता ८२ टक्के एकमत. म्हणून जेकब कोहेन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक मोजमाप सुचवले. त्याला 'कप्पा' म्हणतात. ग्रीक अक्षर आहे, आपला फळीचा कप्पा नव्हे. निव्वळ योगायोगाने जेवढे एकमत होणारच होते तेवढे वजा करायचे, आणि त्याच्यावर जे उरले ते पाहायचे. वरच्या दोन परीक्षकांचा कप्पा शून्य येतो. पूर्ण एकमत असेल तर एक येतो. दोन डॉक्टरांचे हात किती जुळतात हे जगभर आज या मापाने मोजतात.

आपल्या घरांतून हकिमांच्या नाडीपरीक्षेच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. पडद्याआडच्या बेगमच्या मनगटाला बांधलेल्या दोऱ्यावरून हकीमसाहेबांनी रोग ओळखला, ही गोष्ट मी माझ्या नानीकडून किती वेळा ऐकली असेल! इब्न सीनाने आपल्या 'कानून'मध्ये नाडीचे बारकाईने वर्णन केले आहे, आणि त्याच्याही आधी अल-राझीने देवी आणि गोवर यांतला फरक लक्षणांवरून सांगणारा ग्रंथ लिहिला. मला स्वतःला अल-राझीचे काम अधिक मोठे वाटते. 'मला कळते' एवढ्यावर तो थांबला नाही. काय पाहिले असता देवी म्हणावे आणि काय पाहिले असता गोवर, हे त्याने लिहून ठेवले, म्हणजे दुसऱ्याने पाहिले तरी तेच दिसावे. दोऱ्याच्या गोष्टीत ही सोय नाही. अलीकडे, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा आयुर्वेदिक वैद्यांनी वीस निरोगी माणसांची नाडी, जीभ आणि प्रकृती तपासली. त्यांचे आपसातले एकमत कमीच निघाले. हे सांगताना मला वैद्य-हकिमांची टिंगल करायची नाही. टॉन्सिलची गोष्ट आधी सांगितली ती त्यासाठीच.

मग काय, हाताची तपासणी टाकाऊ समजायची? सगळे यंत्रावर सोपवायचे? असे पुष्कळांना वाटते. डॉक्टरांनी हात न लावता मशीन लिहून दिले की आपल्याला समाधान वाटते. याबाबत मला मिरजेचे उदाहरण द्यावेसे वाटते. दवाखान्यांचे नव्हे. १८९४ साली वॉनलेस साहेबांनी तिथे रुग्णालय उघडले, तेव्हापासून आपण आजाऱ्याला घेऊन मिरजेलाच जातो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणतो ते सतारमेकर गल्लीचे उदाहरण. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते वर्तमानपत्रांत तुम्ही वाचले असेल. तिथल्या शिकलगार कारागिरांच्या दुकानात कधी बसून पाहा. सतारीची घोडी घासून 'जवारी' काढतात. तार वाजवायची, ऐकायचे, कणभर घासायचे, पुन्हा ऐकायचे. हे काम कानाचे आहे. पण शिकणारा मुलगा वर्षानुवर्षे उस्तादाशेजारी बसतो, तोच सूर दोघे ऐकतात, तो म्हणतो 'झाली', उस्ताद म्हणतात 'नाही', आणि कुठे नाही ते दाखवतात. असा कान तयार होतो. दोन कान एकमेकांशी जुळवावे लागतात, ते आपोआप जुळत नाहीत.

वैद्यकात असे हात जुळवण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे, आणि तेही मोठमोठ्या डॉक्टरांचे नव्हे, तर खेड्यातल्या दायांचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. त्या भागात लहान मुले न्यूमोनियाने फार दगावत. डॉक्टर लांब, रस्ते नाहीत. न्यूमोनियात बाळाचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. म्हणजे छातीला नळी लावण्याची गरज नाही, पोट-छाती हलते ती मोजली तरी चालते. पण अडचण अशी की दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. अंदाजाने 'धाप आहे' म्हणावे तर प्रत्येकीचा अंदाज निराळा. तेव्हा डॉ. बंगांनी एक साधी युक्ती काढली. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे.

विद्यार्थ्यांनो, ही युक्ती नीट पाहा. बाईला लिहिता-वाचता येत नाही हे तिथे कुणी दोष म्हणून धरले नाही. 'धाप' हा सैल शब्द काढून त्या जागी मोजता येईल अशी खूण ठेवली, आणि ती खूण प्रत्येकीच्या हातात सारखीच पडेल अशी व्यवस्था केली. या कामाचा निकाल १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित कार्यकर्ते, गावातले आरोग्यसेवक आणि दाया मिळून जिथे न्यूमोनिया ओळखून औषध देत होते, त्या ५८ गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ झाले. शेजारच्या ज्या ४४ गावांत ही सोय नव्हती, तिथे ते १७.५ होते. निम्म्याहूनही कमी!

दुसरे उदाहरण मुंबईचे. ते स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाविषयी आहे. भगिनींसमोर बोलताना संकोच वाटतो, पण याच संकोचापायी आपल्या समाजातल्या बायका उशिरा दवाखान्यात पोहोचतात, म्हणून बोलतोच. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया, वीस गट. दहा गटांत दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्यांत, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका स्त्रियांची हाताने तपासणी करीत. यंत्र नाही, फक्त बोटे. गाठ वाटली की पुढच्या तपासासाठी रुग्णालयात. उरलेल्या दहा गटांत कर्करोगाची माहिती दिली, तपासणी केली नाही. निकाल २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कर्करोग शंभरात ३७, दुसऱ्या गटात ४७. पन्नास आणि त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यूंत स्पष्ट फरक दिसला नाही, आणि सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर घट १५ टक्के आली, तीही पक्की म्हणता येण्याइतकी नव्हती. हे मी झाकून ठेवत नाही, नाहीतर मीही आठवीतल्या त्या दुसऱ्या दिवसाच्या मुलांसारखाच व्हायचा. पण शिकवलेल्या बोटांनी काय साधते हे यातून दिसते. दहावी-बारावी झालेल्या मुलींना पुढे काय करायचे, असे मला विचारणारे पालक इथे पुष्कळ आहेत. नर्सिंगचा आणि आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम काय असतो हे त्यांनी एकदा माझ्याकडून समजून घ्यावे.

साताऱ्याकडच्या मुलांसाठी थोडे सैन्यभरतीविषयी. आपला जिल्हा फौजेचा. अपशिंग्यासारख्या गावात घरटी एक माणूस सैन्यात. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत छाती फुगवून ५ सेंटिमीटर वाढावी लागते. टेप कुणी कुठे धरली, मुलाने श्वास कधी सोडला, यावर अर्धा-एक सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतो. तळपाय सपाट आहे की नाही हेही पाहणाऱ्याच्या नजरेवर पुष्कळसे अवलंबून. पहिल्या तपासणीत नापास झालेल्या मुलाला फेरतपासणी मागता येते, ती याच कारणासाठी ठेवलेली आहे. आपली मुले चिठ्ठी फाडून घरी येतात आणि 'ओळख नव्हती म्हणून काढले' असे सांगतात. फेरतपासणीची मुदत निघून जाते. तसे करू नका.

रक्तदाबाचेही तेच. जिना चढून आल्याआल्या, बोलता-बोलता, हात लोंबता ठेवून मोजला की वेगळा येतो. पाच मिनिटे शांत बसून, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवून मोजला की वेगळा. मग लोक म्हणतात, मशीन खराब आहे.

आता मी हा विषय का मागून घेतला ते सांगतो. माझ्या आपाची गोष्ट आहे. तिला विचारून सांगतो आहे.

आपा नववीत असताना तिचा घसा दुखला, मग ताप आला, मग गुडघे आणि मनगटे आळीपाळीने सुजली. एका डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले, हृदयाच्या झडपेला धक्का बसलेला दिसतो, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यावे लागेल, पुष्कळ वर्षे. घरात रडारड झाली. मामू म्हणाले, दुसऱ्याला दाखवू. दुसऱ्या डॉक्टरांनी नळी लावली आणि म्हणाले, आवाज वगैरे काही नाही, अशक्तपणा आहे, टॉनिक द्या. त्या दिवशी आमच्या घरी मिठाई आली. मला ती मिठाई अजून आठवते. इंजेक्शन बंद झाले. कुणालाही, माझ्या शिकलेल्या चाचांनासुद्धा, असे वाटले नाही की दोन डॉक्टरांची मते निराळी पडली तर तिसरा काही पुरावा मागावा. आम्ही दोन निदानांतले आवडीचे निदान उचलले. त्यात पोरीच्या लग्नाचा विचारही होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

लग्नानंतर सातव्या महिन्यात आपाला धाप लागू लागली. रात्री आडवे पडता येईना. मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या बाई डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवले, नळीची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकाशी हलकेच टेकवली, पंखा बंद करायला लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकले. मी दारात उभा होतो. मग त्या म्हणाल्या, झडप अरुंद झाली आहे. पुढे यंत्राच्या तपासणीत तेच निघाले. या झडपेचा आवाज अगदी खालच्या पट्टीतला, दबका असतो. रुग्ण उताणा असेल, खोलीत गलबला असेल, नळी दाबून धरली असेल, तर तो निसटतो. आम्ही ज्यांच्याकडे गेलो होतो त्या दुसऱ्या डॉक्टरांचा दवाखाना एस.टी. स्टँडसमोर होता, बाजाराचा दिवस होता, बाहेर चाळीस माणसे. मी त्यांना खोटारडे म्हणत नाही. त्यांना ऐकू आले नाही. पण 'मला ऐकू आले नाही' आणि 'नाही' यांत जे अंतर आहे, ते आम्हालाही कळले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

आपाचे बाळंतपण सुखरूप पार पडले. नंतर फुग्याने झडप रुंद केली. ती आज बरी आहे, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेते.

म्हणून त्या टेम्पोवाल्या वडिलांनी तीन कागद टेबलावर ठेवले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी कागद नीट वाचले. पहिल्या तपासणीच्या दिवशी मुलीच्या अंगात ताप होता, तसे चिठ्ठीवर लिहिलेच होते. डॉक्टर मित्राने समजावले की, निरोगी मुलांच्या हृदयातसुद्धा कधी कधी निरुपद्रवी आवाज असतो. तापात तो वाढतो, ताप उतरला की मंदावतो, आडवे झोपून ऐकला तर स्पष्ट, उभे राहिल्यावर कमी. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला बसवून तपासले होते, ताप उतरल्यावर. तिसऱ्यांनी थोडे थांबा म्हटले होते. म्हणजे तिघेही खरे बोलत असण्याची शक्यता होती. पण माझ्या आपाच्या वेळी तसे नव्हते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंग अगदी सारखेच दिसतात. घरी बसून निवाडा करता येत नाही. त्यासाठी हृदयाची सोनोग्राफी, ज्याला एको म्हणतात, ती करावी लागते.

मी वडिलांना एवढेच सांगितले की, तिन्ही कागद बरोबर न्या, लपवू नका. पण आधी डॉक्टरांना स्वतःहून तपासू द्या, आणि मग कागद दाखवा. आपण उलट करतो. आत शिरताच म्हणतो, 'अमुक डॉक्टर म्हणाले छिद्र आहे, तुम्ही काय म्हणता?' ऐंशी म्हटल्यावर ऐंशीच मोजणाऱ्या मुलांची गोष्ट आठवा. नाहीतर आपण आधीच्या डॉक्टरांचे नावच गाळतो, जुने कागद घरी ठेवतो, आणि तीन ठिकाणी तीन नव्या सुरुवाती करतो. तेही नुकसानीचेच. आणि डॉक्टरांना विचारायला घाबरू नका की, 'साहेब, ही खात्रीची खूण आहे की अंदाज? खात्री करायला काय करावे लागेल?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. पुढे बसलेले डॉक्टर मान हलवत आहेत, म्हणजे मी फार चुकत नसेन. आम्ही शिक्षकही दहावीच्या उत्तरपत्रिका एकदाच तपासून मोकळे होत नाही, वर नियामक असतो. एकाच निबंधाला मी आठ गुण देतो आणि शेजारचे सर अकरा देतात, हे आम्हाला ठाऊक असते. मग डॉक्टरांकडून आपण देवदूताची अपेक्षा का करावी, आणि ती पुरी झाली नाही की त्यांना लुटारू का म्हणावे?

त्या मुलीचा एको झाला. सरकारी योजनेतून झाला, वडिलांना पैसे पडले नाहीत. हृदय उत्तम आहे. आजीची समजूत घालायला मात्र मला दोनदा घरी जावे लागले, कारण आजीचे म्हणणे, मशीन को क्या मालूम! ती मुलगी आज याच मांडवात स्वयंसेविकेचा बिल्ला लावून पाणी देत फिरते आहे. ती कोण हे शोधत बसू नका.

मेळावा संपल्यावर कार्यालयात प्रत्येक मुलासाठी एक शंभर पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर मुलाचे नाव, जन्मतारीख आणि आजवर कुठल्या डॉक्टरांनी कधी काय सांगितले ते लिहायचे. ताप होता की नव्हता तेही लिहायचे. घरी लिहिणारे कुणी नसेल त्यांनी कागद घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावे, मी लिहून देईन. वह्या कमी पडल्या तर आणखी मागवल्या आहेत.